घाऱ्या डोळ्यांचं मरण

त्या घरात वाजणारी वस्तू म्हणून नव्हती. दाराला घंटी नव्हती, उशाशी गजराचं घड्याळ नव्हतं, आणि फोन होता तो स्वयंपाकघरात, दोन जाड उशांच्या मधे पुरल्यासारखा. कुणाला यायचं असेल तर त्यानं आधी जिन्यात खोकायचं, मग दारावर बोटांनी हलकेच टकटक करायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नवा माणूस हसायचा. जुनं कुणीतरी त्याला बाजूला घेऊन कारण सांगायचं, की तोही निमूटपणे खोकायला लागायचा.

कारण असं, की या घरातली माणसं आवाजानं मरायची.

आजी दुपारी मटार सोलत बसली होती. फळीवरची भांड्यांची चळत कोसळली. सगळे दचकले, मग एकमेकांकडे बघून हसले. आजी हसली नाही. तिच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली होती. मोठी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, जेवून आडवी झाली होती. कानाशी फोन खणाणला. ती उठली, रिसीव्हर कानाला लावला आणि तशीच खाली कोसळली. पलीकडचा माणूस कितीतरी वेळ 'हॅलो, हॅलो' करत राहिला. आणि बाबा. बाबा बसच्या कारखान्यात मिस्त्री होते, पहाटेच्या पाळीला जायचे. एके दिवशी गजर वाजायला लागला तो वाजतच राहिला. शेवटी त्यांची दहा वर्षांची मुलगी कंटाळून उठली, तिनं घड्याळाचं बटण दाबलं आणि बाबांना हलवलं.

ती मुलगी म्हणजे घारी.

खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. सगळे तिला घारीच म्हणत. डोळे होतेच तसे. राखाडी, कडेला हिरवट झाक असलेले, उजेडात मांजरासारखे चमकणारे. आजीचे तसेच होते. मोठ्या आत्याचे तसेच. बाबांचेही. तिघं गेले आणि तिघांचे डोळे घारे. मग काय, सुतावरून स्वर्ग गाठायला माणसाला कितीसा वेळ लागतो? खाण तशी माती, असं लोक म्हणाले. घाऱ्या डोळ्यांबरोबर मरणही येतं, हे घरात पक्कं होऊन बसलं.

आईनं गजराचं घड्याळ त्याच दिवशी फेकून दिलं, आणि मुलीला काचेच्या भांड्यासारखं जपायला लागली. पळू नको. जत्रेत जाऊ नको. फुगे नकोत. घारीपेक्षा चार वर्षांनी लहान भाऊ होता, त्याला सगळे धाकटा म्हणत. त्याचे डोळे आईसारखे काळेभोर. त्याला आईनं मोकळं सोडलं होतं. "त्याचे डोळे माझे आहेत," ती शेजारणींना सांगायची. "त्याच्या केसालाही धक्का लागायचा नाही. ही बिचारी बापावर गेली." 'बापावर गेली' हे शब्द ती अशा सुरात म्हणायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, मुलगी बापामागोमाग निघालीच आहे.

घारीनं कामही निवडलं ते आवाज न करणारं. मोठ्या रस्त्यावर कपडे धुऊन-इस्त्री करून देणाऱ्या दुकानात, मागच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीशी ती रफू करायची. सिगारेटनं जळलेली बाही, कसर लागलेला लोकरी कोट, खिळ्याला अडकून फाटलेली पँट. ती आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढायची, भिंग लावायची, आणि एक धागा वरून, एक खालून असं करत भोक विणून टाकायची. गिऱ्हाईक कोट उजेडात धरून म्हणायचं, "अहो, पण भोक कुठंय?" दुकानाचा मालक तेवढ्यापुरता छाती फुगवायचा.

शेजारी कुलूपवाल्याचं दुकान होतं. किल्ल्या घासताना तो मधला दरवाजा लावून घ्यायचा, तिला त्रास नको म्हणून. दोनेक वर्षं असा दरवाजा लावल्यावर एकदा त्यानं तो उघडला आणि सरळ विचारलं, "माझ्याशी लग्न कराल का?"

घारीनं सुई खाली ठेवली. "माझ्याबद्दल ऐकलं नाहीत का तुम्ही?"

"ऐकलंय. मी घरात आवाज होऊ देणार नाही."

"पोरं होतील ती रडतील ना," ती म्हणाली. "आणि त्यांचे डोळे माझ्यासारखे निघाले तर? मी रोज त्यांच्याकडे बघत बसू?"

तो आपल्या किल्ल्यांकडे परत गेला. पुढच्या वर्षी त्यानं दुसरीकडे लग्न केलं. दरवाजा मात्र अजूनही लावून घेत असे.

धाकट्याची तऱ्हा वेगळी. तो धडधाकट, हसरा, दांडगा. अग्निशमन दलात लागला, पुढे मोठ्या गाडीचा चालक झाला. त्यांच्या केंद्रात भिंतीवर परातीएवढी घंटा होती. ती वाजली की झोपलेली माणसं बूट चढवत धावायची. घारी एकदा त्याला डबा द्यायला गेली आणि ती घंटा बघून उलट पावली परतली. धाकटा पोट धरून हसला. "ताई, तुझ्या वाटणीचं मी ऐकतो की! मला काय होतंय?" तो घराण्यातला सुटलेला माणूस होता. त्याला पाहिलं की आईच्या जिवात जीव यायचा.

त्याला एकच मुलगी. झाडावर सरसर चढायची म्हणून तिला खारूताई म्हणत. जन्मली तेव्हा आई आणि घारी दोघी पाळण्यावर वाकून तिचे डोळे उघडण्याची वाट बघत बसल्या होत्या. डोळे उघडले. काळे. आईनं तिथंच हात जोडले.

खारूताई शाळेत पडली तेव्हा ती तिसरीत होती. मधली सुट्टी संपल्याची घंटा वाजली. ती घंटेच्या अगदी खाली, भिंतीला टेकून पुस्तक वाचत होती. बाईंना वाटलं उन्हानं चक्कर आली. मग तिचे ओठ निळे दिसले, हातपाय झटके द्यायला लागले. थोड्या वेळानं ती आपोआप शुद्धीवर आली आणि पुस्तक कुठंय म्हणून विचारू लागली.

निरोप आला तेव्हा घारी एका कोटाच्या खांद्यावर काम करत होती. 'घंटा' हा शब्द ऐकला आणि ती सुई कोटात तशीच सोडून निघाली. रस्ताभर ती स्वतःला सांगत होती, डोळे काळे आहेत, पोरीचे डोळे काळे आहेत.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पोरीच्या छातीला तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली, ती दोनदा पाहिली आणि विचारलं, "घरात कुणी अचानक गेलंय? तरुणपणी? एखाद्या आवाजानं दचकून?"

घारीनं आजी, मोठी आत्या, बाबा असे तिघं मोजले. मग आई म्हणाली, "पण त्या सगळ्यांचे डोळे घारे होते."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. घारीला पुढे आयुष्यभर ती दुपार आठवत राहिली. खिडकीतून ऊन येत होतं, आणि बाई अगदी साध्या शब्दांत एकेक गोष्ट सांगत होत्या.

"शरीर घडवायच्या ज्या सूचना असतात ना," त्या म्हणाल्या, "त्यांच्या आपल्याकडे दोन-दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आपल्याला मूल होतं तेव्हा आपण दोन्ही देत नाही. दोनातली एकच देतो, आणि कुठली द्यायची ते आपल्या हातात नसतं. तुमच्या घरात हृदयाच्या एका सूचनेची एक प्रत बिघडलेली आहे. बिघाड असा, की प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जरा जास्त वेळ लागतो. त्याच वेळी अचानक मोठा आवाज झाला, माणूस दचकला, तर ठोके भरकटतात."

"आणि डोळे?" घारीनं विचारलं.

"डोळ्यांच्या सूचना वेगळ्या. त्या वेगळ्या वाटल्या जातात, हृदयाच्या वेगळ्या वाटल्या जातात. एक मिळालं म्हणून दुसरं मिळतंच असं नाही. तुमच्या घरातल्या तिघांना दोन्ही मिळालं हा योगायोग."

"योगायोग," घारी नुसतीच म्हणाली.

"घाऱ्या रंगाचं तर आणखीच वेगळं आहे. ढोबळ सांगायचं तर त्याला दोन्हीकडून घारी प्रत यावी लागते. एक जरी काळी आली तरी डोळे काळे दिसतात आणि घारी मागे लपून राहते. म्हणजे तुमच्या आईंकडेही एक लपलेली घारी प्रत असणार. तुमचे डोळे निम्मे त्यांनी दिलेत."

आईनं मान वर केली. आपल्या लेकीचे डोळे तिनं आजवर त्या घराण्याच्या खात्यावर टाकले होते. "मी?" ती म्हणाली. "मी दिले?" आणि ती पिशवीचा बंद सोडायला आणि बांधायला लागली.

"हृदयाचं मात्र उलट आहे," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "तिथं एकच बिघडलेली प्रत पुरते. ती ज्याच्याकडे आहे त्याच्या प्रत्येक मुलाला ती मिळायची शक्यता निम्मी."

"म्हणजे बाबांच्या आम्हा दोघांत एकाला," घारी म्हणाली. "ती मी."

"नाही. असा हिशेब नसतो. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्यानं उडतं, आणि नाण्याला मागचं काही आठवत नसतं. दोघांनाही येऊ शकतं, किंवा दोघांनाही येणार नाही, असंही होऊ शकतं." एवढं बोलून त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. "मुलीला ते कुठूनतरी आलंय. आडात असल्याशिवाय पोहऱ्यात येत नाही."

धाकटा हसला. त्या दिवशी त्याचं हसणं कुणालाच आवडलं नाही. "तिच्या आईकडून आलं असेल," तो म्हणाला. भावजय त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या घराण्यात सगळे नव्वदीपर्यंत जगत, आणि एका बहिऱ्या काकांखेरीज कुणाला काही झालेलं नव्हतं.

सगळ्यांचं रक्त तपासायला गेलं. निकाल यायला बरेच आठवडे लागले. तेवढ्या काळात घारीनं आपली पेटी आवरून ठेवली. कुठली शाल कुणाला द्यायची ते आईला सांगितलं. तिला फक्त कागदावर शिक्का बघायचा होता.

निकाल ऐकायला ती आणि भावजय दोघीच गेल्या; धाकट्याला पाळी होती. डॉक्टरीणबाईंनी आधी पोरीचं सांगितलं. हो, तिला आहे. धाकट्याला आहे. भावजयीला नाही.

"आणि तुम्हाला नाही," त्या घारीला म्हणाल्या.

"पुन्हा बघा."

"दोनदा पाहिलंय. तुमच्या वडिलांनी तुम्हाला चांगली प्रत दिली. तुम्हाला यातलं काही होणार नाही."

बाहेर आल्यावर भावजय बाकावर बसून रडली. घारीला रडू येईना. पुढच्या दिवशी ती कामावर गेली, खिडकीशी बसली, आणि दुपारपर्यंत तिच्याच्यानं सुईत दोरा ओवला गेला नाही. पलीकडे कुलूपवाला किल्ली घासायला उठला. त्याचे केस पिकले होते, मोठा मुलगा त्याच्या खांद्याला लागला होता. सवयीनं तो मधला दरवाजा लावायला आला.

"राहू द्या उघडा," घारी म्हणाली.

"त्रास होईल ना तुम्हाला."

"नाही होणार. मला कधीच होणार नव्हता."

त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. त्यानं दरवाजा अर्धवट उघडा ठेवला. यंत्राची किरकिर सुरू झाली आणि घारी दोन्ही हात मांडीवर ठेवून ती ऐकत बसली. इतकं वाईट तिला बाबा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

पण स्वतःसाठी झुरायला सवड मिळाली नाही. धाकटा ऐकेना. पोरीला गोळ्या सुरू झाल्या, त्या तो स्वतः मोजून द्यायचा. शाळेत जाऊन त्यानं तिची बसायची जागा घंटेपासून लांब करून घेतली. स्वतःचं नाव काढलं की मात्र उठून जायचा.

"अरे, तू त्या परातीखाली झोपतोस!" घारी म्हणाली.

"इतकी वर्षं झोपलोच ना? ताई, माझे डोळे बघ. बघ नीट. काळे आहेत."

"डोळ्यांचा काही संबंध नाही, कितीदा सांगू?"

"मग तू तरी इतकी वर्षं कशाला घाबरलीस?" तो ओरडला. "त्या डोळ्यांपायीच ना? तू सुटलीस म्हणून आता माझ्या मागे लागलीस होय?"

या वाक्यानंतर घारी काही दिवस त्याच्या घरी गेली नाही. गोळ्यांची त्याची पाकिटं भावजयीला पेटीच्या मागे सापडली, न फोडलेली. ती घारीकडे आली. "ताई, तुम्हीच काहीतरी करा. मी बोलले तर घर डोक्यावर घेतात."

घारीनं जे केलं ते भावाला न सांगता केलं. ती केंद्रावर गेली आणि त्याच्या साहेबांना सगळं सांगितलं. साहेब भले माणूस होते. त्यांनी पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. गाडी चालवताना असं काही झालं असतं तर आठ माणसं गेली असती. मी त्याला घंटेपासून लांब ठेवतो."

आठवड्याच्या आत धाकट्याला गाडीवरून उतरवलं. कुणी सांगितलं ते त्याला कळायला वेळ लागला नाही. तो घारीच्या दारात आला, खोकला नाही, टकटक केली नाही, सरळ आत शिरला. "माझी गाडी घेतलीस," एवढंच म्हणाला आणि गेला. आई मधल्या खोलीत उभी होती, तिच्याशीही बोलला नाही.

मग एका रविवारी खारूताई आत्याकडे आली. बिस्किट खाता खाता म्हणाली, "बाबांना आता वेगळं काम आहे. काचेच्या खोलीत. घंटा तिथं अजिबात ऐकू येत नाही."

"छान झालं. काय करतात तिथं?"

"फोन घेतात. आग लागली की लोक फोन करतात ना, तो बाबा उचलतात."

मोठ्या आत्याचा रिसीव्हर घारीच्या डोळ्यांपुढे आला. साहेबांना तिनं सगळं सांगितलं होतं, आत्याचंही. पण त्यांच्या लक्षात राहिली होती ती भिंतीवरची घंटा.

सोमवारी ती केंद्रावर गेली. साहेब कामानिमित्त बाहेर होते. काचेच्या खोलीत धाकटा दिसला, तीन फोन पुढ्यात घेऊन बसलेला, गाल बसलेले. त्यानंही तिला पाहिलं. तो उठून बाहेर आला.

"आता फोनही काढून घ्यायला आलीस?"

"गोळी घेतोस का, एवढं सांग. मग जाते."

"घेतो," तो म्हणाला. खोटं बोलताना तो लहानपणापासून कानाची पाळी ओढायचा. आत्ताही ओढत होता.

"धाकट्या, ऐक—"

"ताई, जा. माणसं बघतायत."

ती फाटकापर्यंत गेली. तिथं थांबली. साहेब येईपर्यंत तिथंच बसून राहायचं असं तिनं ठरवलं, आणि पहारेकऱ्याच्या बाकावर टेकली. दुपारची शांत वेळ होती. अंगणात दोघं जण गाडी धूत होते. पाण्याचा आवाज येत होता. काचेतून धाकट्याची पाठ दिसत होती. जेवण झालेलं, मान किंचित पुढे कललेली. त्याला डुलकी लागली होती.

फोन वाजलेला तिला बाहेर ऐकू आला नाही. तिला फक्त पाठ एकदम ताठ झालेली दिसली, हात पुढे गेलेला दिसला, आणि मग खुर्ची रिकामी दिसली.

ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं ओरडली. गाडी धुणारे दोघं पाइप टाकून धावले. ही माणसं धुरातून माणसं काढणारी. एकानं तिथंच जमिनीवर त्याची छाती दाबायला सुरुवात केली, दुसऱ्यानं झटका देण्याचं यंत्र आणलं. खाली लोंबणाऱ्या रिसीव्हरमधून कुणी बाई सांगत होती की तिच्या मांजराचं डोकं जाळीत अडकलंय. घारी दाराला धरून उभी होती. पहिल्या झटक्यानं काही झालं नाही. दुसऱ्यानंतर त्या माणसानं मानेवर बोटं ठेवली, आणि बोटं तिथंच ठेवून मान हलवली.

धाकटा वाचला. गळ्याच्या खाली, कातडीच्या आत त्याला एक छोटं यंत्र बसवलं. ठोके भरकटले तर आतूनच झटका देणारं. आता तो गोळ्या घेतो. नोकरी सोडली, एका गोदामात सामानावर देखरेख करतो. ताईशी बोलतो, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाही. यंत्रानं एकदा झटका दिला तेव्हा तो जेवत होता. ताट भिंतीवर आदळलं. तेव्हापासून जेवताना त्याचा डावा हात छातीवर असतो. खारूताईलाही मोठी झाल्यावर तसं यंत्र लागेल का, हे डॉक्टरीणबाई अजून नक्की सांगत नाहीत. एकदा खारूताईनं घारीला विचारलं, "आत्या, मला मुलं झाली तर?"

"निम्मी शक्यता," घारी म्हणाली. तिला खोटं बोलायचं नव्हतं.

मग तिच्या मनात आलं, की मोठ्या आत्याची तीन मुलं आहेत. तिघांचे डोळे काळे. लांबच्या गावात, चाळिशीला आलेली, आपापल्या संसारात. आई गेली ती डोळ्यांमुळे, आपण सुटलो, असं समजून निर्धास्त. तिनं फोन केला नाही, कसा करणार? गाडीत बसून ती गेली.

थोरल्या आतेभावानं दार उघडलं. मोटार दुरुस्तीचं त्याचं दुकान खालीच होतं, पत्र्यावर हातोडे पडत होते. तिनं उंबऱ्यातच सगळं सांगितलं. तो ऐकत होता, आणि प्रत्येक हातोड्याबरोबर त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी लवत होती.

"घारे," तो शेवटी म्हणाला, "मुलीचं लग्न ठरतंय माझ्या. हे बाहेर काढू नकोस."

"मुलीलाही तपासून घे."

"तिचे डोळे बघायचेत तुला?" त्यानं आत हाक मारली. मुलगी बाहेर आली, हसली, पाहुण्यांना पाणी देऊन आत गेली. डोळे काळे होते, फार सुंदर होते.

मधल्या बहिणीनं ऐकून घेतलं, आणि पुढच्याच महिन्यात जाऊन ती तपासून आली. तिला नाही. सर्वांत धाकट्या आतेभावानं दारच उघडलं नाही. थोरल्याच्या मुलीचं लग्न झालं. घारीला आमंत्रण नव्हतं. थोरला अजून हातोड्यांच्या वर राहतो आणि मुलीला दिवस गेले आहेत, एवढंच मधल्या बहिणीकडून कळलं.